वैमानिकाचा जीव एका नट-बोल्टवर

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या विमानांच्या कसरती झाल्या. लोक पोराबाळांना घेऊन लोकलने आले आणि समुद्राच्या कठड्यावर दाटीवाटीने बसले. ‘सूर्यकिरण’ पथकाची विमाने पंखाला पंख लावल्यासारखी डोक्यावरून गेली, तेव्हा टाळ्या पडल्या. अशा वेळी एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारते, “बाबा, विमान पडलं तर आतल्या माणसाचं काय होतं?” बाबा सांगतात, “त्याची खुर्ची त्याला घेऊन बाहेर उडते आणि छत्री उघडते.”

उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे. खुर्ची वैमानिकाला वाचवते, हे खरे. पण ती खुर्ची वेळेवर चालावी म्हणून जमिनीवर कितीतरी माणसे पाना-पक्कड घेऊन राबत असतात. त्यांच्यातल्या कुणाचा हात चुकला, किंवा ज्याला धोका ठाऊक आहे त्याने तो दुसऱ्याला सांगितला नाही, तर तीच खुर्ची वैमानिकाचा जीव घेते. इंग्लंडमध्ये २०११ साली अगदी असेच घडले. आपल्यापैकी कितीतरी घरांत फिटर आहेत, टर्नर आहेत, वेल्डर आहेत, एसटीच्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपात काम करणारी माणसे आहेत. त्यांनी तर ही हकिकत जरूर वाचावी.

फिटरने मारलेली पहिली उडी

सुरुवातीच्या काळातली विमाने आजच्या मानाने हळू चालत. बिघाड झाला की वैमानिक पट्टे सोडी, कडेवरून उडी मारी आणि पाठीवरची हवाई छत्री म्हणजे पॅराशूट उघडी. दुसऱ्या महायुद्धात विमानांचा वेग वाढला आणि हा मार्ग धोक्याचा झाला. वाऱ्याच्या माऱ्यात माणसाला बाहेरच पडता येईना. पडलाच तर तो विमानाच्या शेपटीवर आदळे. मग माणसाला खुर्चीसकट जोराने वर फेकण्याची युक्ती निघाली. जर्मनीत १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक नावाच्या वैमानिकाने अशा खुर्चीच्या साहाय्याने संकटातल्या विमानातून स्वतःची सुटका करून घेतली.

इंग्लंडमध्ये हे काम जेम्स मार्टिन या यंत्र-तंत्रज्ञाने हाती घेतले. त्याचा भागीदार व्हॅलेंटाईन बेकर सप्टेंबर १९४२ मध्ये कंपनीच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावला. त्या मृत्यूचा मार्टिनच्या मनावर खोल परिणाम झाला. वैमानिकाचा जीव कसा वाचेल, याच विचाराने त्याला पुढे पछाडले. त्याची ‘मार्टिन-बेकर’ ही कंपनी आज जगभरच्या लढाऊ विमानांसाठी खुर्च्या बनवते.

त्या खुर्चीवर बसून चालत्या विमानातून पहिल्यांदा बाहेर कोण पडले असेल? कोणी मोठा लष्करी अधिकारी नव्हे. बर्नार्ड लिंच हा त्या कारखान्यातला फिटर होता. २४ जुलै १९४६ रोजी ताशी ३२० मैलांच्या वेगाने आणि ८,००० फूट उंचीवरून जाणाऱ्या विमानातून तो खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि छत्रीने सुखरूप खाली उतरला. हाताने खुर्ची जुळवणाऱ्या माणसानेच तिच्यावर आपला जीव लावून दाखवला! पुढे ३० मे १९४९ रोजी जो लँकेस्टर या चाचणी वैमानिकाचा जीव खऱ्याखुऱ्या संकटात याच कंपनीच्या खुर्चीने वाचवला. तेव्हापासून आजवर आपल्या खुर्च्यांनी ७,७०० हून अधिक माणसे वाचवली, असा कंपनीचा हिशेब आहे. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पुढची हकिकत वाचताना ते विसरू नये.

दोन-तीन सेकंदांत काय काय घडते?

वैमानिकाच्या दोन मांड्यांमध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे एक हँडल असते. ते ओढले की माणसाच्या हाती काही उरत नाही. पुढचे सगळे यंत्र आपोआप करते.

प्रथम डोक्यावरची पारदर्शक काच बारीक स्फोटकाच्या दोरीने फुटते. खुर्चीमागच्या नळीतली काडतुसे पेटतात आणि खुर्ची रुळावरून वर सरकते. पाय इकडेतिकडे आपटू नयेत म्हणून पट्टे ते मागे खेचून धरतात. खुर्चीखालचे रॉकेट पेटून तिला आणखी उंच नेते. मग एक छोटी छत्री बाहेर पडते. तिचे काम खुर्चीला सरळ धरण्याचे आणि वेग कमी करण्याचे. ठरलेला क्षण आला, की या छोट्या छत्रीची दोरी खुर्चीपासून सुटते आणि तिच्याच ओढीने मोठी छत्री बाहेर येते. त्याच वेळी माणसाचे पट्टे मोकळे होतात, खुर्ची निराळी होऊन खाली पडते आणि माणूस छत्रीला लटकून उतरतो. आधुनिक खुर्चीत हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. अशी खुर्ची जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातूनसुद्धा माणसाला वाचवू शकेल, अशाच बेताने बनवलेली असते.

वाचकांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छोट्या छत्रीची दोरी खुर्चीपासून सुटली, तरच मोठी छत्री उघडते. ती दोरी धरून ठेवणारी एक कडी असते आणि त्या कडीत एक नट-बोल्ट असतो. आपली सगळी कथा त्या नटाभोवती फिरते.

८ नोव्हेंबर २०११

‘रेड ॲरोज’ हे इंग्लंडच्या हवाई दलाचे कसरतींचे पथक. ते १९६५ पासून जगभर प्रात्यक्षिके करत आले आहे. २०११ मध्ये ते लालभडक ‘हॉक’ विमाने उडवत होते. त्या काळी त्याचा तळ लिंकनशायरमधल्या स्कॅम्प्टन इथे होता. पथकाला २०११ हे वर्ष मुळातच वाईट गेले होते. ऑगस्ट महिन्यात बोर्नमथ इथे प्रात्यक्षिक संपवून परतताना जॉन एगिंग हा त्यांचा वैमानिक विमान कोसळून ठार झाला होता. त्या दुःखातून पथक सावरत होते.

८ नोव्हेंबरच्या सकाळी फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम आपल्या विमानात बसला. वय ३५. इराकच्या आकाशात लढाऊ विमान चालवून आलेला अनुभवी वैमानिक. विमान जमिनीवर उभे होते आणि उड्डाणापूर्वीची नेहमीची तपासणी चालू होती. एकाएकी मोठा आवाज झाला, काच फुटली आणि खुर्ची कनिंगहॅमला घेऊन दोन-तीनशे फूट वर गेली. आजूबाजूचे लोक मोठी छत्री उघडण्याची वाट पाहत वर बघत राहिले. ती उघडलीच नाही. खुर्ची वैमानिकासह धावपट्टीजवळच्या जमिनीवर आदळली आणि कनिंगहॅमचा अंत झाला.

विमानाला आग लागली नव्हती. ते हवेतही नव्हते. आणि खुर्ची तर जमिनीवरूनही वाचवणारी होती. मग असे का झाले? चौकशीत एकाऐवजी दोन दोष निघाले. एका दोषामुळे खुर्ची नको तेव्हा उडाली. दुसऱ्यामुळे छत्री हवी तेव्हा उघडली नाही. दोन्ही एकत्र आले आणि माणूस गेला.

पिन लावलेली होती, तरी...

पहिला दोष त्या पिवळ्या-काळ्या हँडलचा. विमान उभे असताना हँडल चुकून ओढले जाऊ नये म्हणून त्यात एक सुरक्षा-पिन घालतात. पिन दिसली, की खुर्ची सुरक्षित आहे असे सगळे समजतात. पण हँडल आपल्या जागेवरून अर्धवट वर सरकलेले असले, तरीही ही पिन आत जात होती! म्हणजे पिन डोळ्यांना दिसत होती, पण काम करत नव्हती.

चार दिवसांपूर्वीच्या उड्डाणाच्या वेळी बसण्याचा एक पट्टा त्या हँडलमध्ये अडकला आणि हँडल जागचे हलले, असे चौकशीतून पुढे आले. त्यानंतर अनेक जण त्या विमानापाशी आले आणि गेले. त्यांनी पिन पाहिली. पिन आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असेच त्यांना वाटले. पुढे ८ तारखेला उड्डाणासाठी पिन काढली गेली, तेव्हा हँडल आधीच अर्धे सुटलेले होते. आता खुर्ची उडायला किंचितसा हिसकाही पुरेसा होता.

जानेवारी २०१४ मध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण झाली. ती करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी पिन पूर्णपणे निरुपयोगी असल्याचे म्हटले आणि ती माणसाला फसवू शकते, हेही स्पष्ट सांगितले. फसवणारी सुरक्षा ही सुरक्षा नसण्यापेक्षा वाईट असते. काहीच नसेल तर माणूस जपून वागतो. आहे असे वाटले की निर्धास्त होतो. कारखान्यात यंत्रावर जाळीचे झाकण बसवलेले असते, पण ते उघडले तरी यंत्र चालूच राहते. अशा यंत्रावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

जास्त आवळलेला नट

दुसरा दोष त्या कडीचा. छोट्या छत्रीची कडी खुर्चीवरच्या कात्रीसारख्या पकडीत धरलेली असते. क्षण आला की पकड उघडते आणि कडी निसटून जाते. कडीतला नट-बोल्ट ठरावीक मापानेच बसवायचा असतो. त्या विमानात तो प्रमाणाबाहेर आवळला गेला होता. त्यामुळे कडीचे दोन्ही बाजूंचे कान आत दाबले गेले आणि त्यांनी पकडीलाच चिमटा घातला. खुर्ची उडाली, छोटी छत्री बाहेर आली, पकड उघडली. पण कडी निसटली नाही. दोरी सुटली नाही आणि मोठी छत्री आपल्या पेटीतच राहिली.

नट आवळणाऱ्या माणसाने कामचुकारपणा केला होता का? उलट, त्याने नट घट्ट बसवला होता. आपण सगळे हेच शिकत आलो आहोत. सैल नट धोक्याचा, घट्ट नट चांगला. चाकाचा नट, पुलाचा नट, शिलाई मशीनचा स्क्रू, सगळीकडे हाच नियम. पण काही जागा अशा असतात, की तिथे कमी आवळणे जितके वाईट, तितकेच जास्त आवळणेही वाईट. तिथे हाताचा अंदाज चालत नाही. माप लागते. आणि माप कामगाराला कुणीतरी सांगावे लागते, तेही लेखी, कारणासकट. ‘इतकेच आवळा’ एवढे सांगून भागत नाही. ‘जास्त आवळले तर कडी अडकेल आणि माणूस मरेल’ हे सांगितले, तर कोणता कामगार ते विसरेल?

ज्याला ठाऊक होते, त्याने सांगितले नाही

या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट पुढेच आहे. नट जास्त आवळल्यास कडी अडकू शकते, हे खुर्ची बनवणाऱ्या कंपनीला १९९० च्या सुमारापासून ठाऊक होते. परदेशातल्या काही ग्राहकांना तिने तशी सूचनाही दिली होती. पण इंग्लंडच्या स्वतःच्या हवाई दलाला हा इशारा नीटपणे पोहोचला नाही. स्कॅम्प्टनच्या हँगरमध्ये पाना हातात घेतलेल्या तंत्रज्ञाला तो धोका माहीत असण्याचे कारणच नव्हते. वीस वर्षे हे ज्ञान कागदात होते. ज्याला त्याची गरज होती, त्या हातापर्यंत ते आले नाही.

इंग्लंडमध्ये कामाच्या ठिकाणी माणसांचे आरोग्य व सुरक्षा जपण्याचा १९७४ चा कायदा आहे. मालकाने केवळ आपल्या नोकरांचीच नव्हे, तर आपल्या व्यवसायामुळे ज्यांना धोका पोहोचेल अशा बाहेरच्या माणसांचीही काळजी घ्यावी, असे तो कायदा सांगतो. त्याच कायद्याखाली कंपनीवर खटला झाला. कंपनीने गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिंकनच्या न्यायालयाने तिला ११ लाख पौंड दंड केला आणि शिवाय खटल्याच्या खर्चापोटी साडेपाच लाख पौंड भरायला लावले. हा मृत्यू टाळता येण्याजोगा होता, असे न्यायाधीशांनी सांगितले.

यातला एक मुद्दा आपण नीट समजून घ्यावा. अपघात झाला, की सर्वांत आधी बोट दाखवले जाते ते शेवटी हात लावणाऱ्या माणसाकडे. ‘पाना कोणाच्या हातात होता?’ हाच पहिला प्रश्न. इथे चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. हँडलची बनावट कुणाची, पिनची बनावट कुणाची, धोका कुणाला ठाऊक होता, तो कुणाला कळवला नाही, असे प्रश्न वर वर विचारत गेले आणि उत्तर कंपनीच्या दारापर्यंत पोहोचले. मेलेला वैमानिक आणि राबणारा तंत्रज्ञ, या दोघांच्या माथी दोष मारून फाईल बंद झाली नाही. अशी चौकशी प्रत्येक अपघाताच्या वाट्याला आली पाहिजे. मग तो विमानतळावर घडो, नाहीतर एखाद्या आडबाजूच्या कारखान्यात.

खुर्ची म्हणजे चमत्कार नव्हे

खुर्ची निर्दोष असली, म्हणून दर वेळी जीव वाचेलच असे नाही. तिला उंची लागते, वेळ लागतो आणि विमान साधारण सरळ असावे लागते. कसरती करणारी विमाने जमिनीच्या अगदी जवळ उडतात. तिथे नेमक्या याच गोष्टींची टंचाई असते.

अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या माउंटन होम इथे १४ सप्टेंबर २००३ रोजी ‘थंडरबर्ड्स’ पथकाचा वैमानिक क्रिस स्ट्रिकलिन उलट्या कोलांटीचा खेळ करत होता. विमानातला उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. स्ट्रिकलिनला सवय होती नेवाडातल्या आपल्या तळाची. माउंटन होमची जमीन त्याहून सुमारे हजार फुटांनी उंच. हिशेबात ती चूक झाली आणि तो कमी उंचीवरूनच खाली वळला. जमीन समोर आली तेव्हा त्याने विमान प्रेक्षकांपासून दूर वळवले आणि ते आदळण्याआधी ०.८ सेकंद हँडल ओढले. जमीन अवघी १४० फुटांवर होती. तो वाचला, प्रेक्षकांतही कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर त्या पथकाने उंची कळवण्याची पद्धत बदलली आणि त्या खेळासाठी अधिक उंचीवर जाण्याचा नियम केला.

प्रत्येकाचे नशीब असे नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण इथे नशिबाचा प्रश्न नाही, सेकंदांचा आणि फुटांचा आहे. कॅनडात १७ मे २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत लोकांना धीर यावा म्हणून ‘स्नोबर्ड्स’ पथक गावोगावी उडत निघाले होते. कॅमलूप्स इथे उड्डाण करताच एक पक्षी एका विमानाच्या इंजिनात गेला. इंजिनाचा जोर गेला. दोघांनीही खुर्च्या उडवल्या, पण तोवर खुर्चीला काम करण्याजोगी उंची आणि वेळ उरला नव्हता. पथकाची जनसंपर्क अधिकारी कॅप्टन जेनिफर केसी मरण पावली आणि वैमानिक गंभीर जखमी झाला.

रेड ॲरोजवरही पुन्हा घाला पडला. २० मार्च २०१८ रोजी वेल्समधल्या व्हॅली तळावर त्यांचे हॉक विमान कोसळले. वैमानिक डेव्हिड स्टार्क खुर्चीने बाहेर पडून वाचला. मागच्या आसनावर कॉर्पोरल जोनाथन बेलिस होता. तो पथकाचा तंत्रज्ञ. विमाने धडधाकट ठेवणारा माणूस. त्याला बाहेर पडता आले नाही. कसरतींच्या पथकांत वैमानिकांची छायाचित्रे छापून येतात. तंत्रज्ञाचे नाव बहुधा असे, मरणानंतरच कळते.

आपली विमाने, आपली माणसे

आपल्या हवाई दलाचे सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बिदर इथे उभे राहिले. नांदेड-लातूरकडच्या लोकांना बिदर काही परके नाही. आरंभी हे पथक ‘किरण’ जातीची भारतीय विमाने उडवी. २०११ मध्ये ती विमाने पथकातून गेली आणि काही वर्षांच्या खंडानंतर पथक हॉक विमानांवर आले. म्हणजे रेड ॲरोजच्याच विमानांची ही नवी पिढी. आपली बहुतेक हॉक विमाने बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली, पण त्यांतल्या खुर्च्या मार्टिन-बेकरच्याच आहेत. म्हणून इंग्लंडमधली ती हकिकत आपल्याला दूरची नाही.

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळ येलहंका इथे प्रदर्शनापूर्वीच्या सरावात सूर्यकिरणची दोन हॉक विमाने हवेत एकमेकांवर आदळली. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग खुर्च्यांनी बाहेर पडले आणि वाचले. विंग कमांडर साहिल गांधी मात्र दगावले. एकच अपघात, एकाच जातीची विमाने, तरी दोघे घरी परतले आणि एक परतला नाही.

आपल्या नौदलाचेही ‘सागर पवन’ नावाचे पथक होते. त्याचा तळ गोव्यात दाभोळीला. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या बेगमपेठ इथे प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी त्याचे एक किरण विमान खाली झेपावले, ते वर आलेच नाही. ते वस्तीतल्या इमारतीवर कोसळले. कमांडर एस. के. मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर हे दोघे अधिकारी गेले. अगदी अलीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात आपले तेजस विमान कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांना मरण आले. या प्रत्येक नावामागे एक घर आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्या आपण विसरू नये.

खाली उभ्या माणसाला खुर्ची नसते

बेगमपेठच्या वस्तीवरून आणखी एक विचार मनात येतो. वैमानिकाला निदान खुर्ची असते. खाली बघत उभ्या असलेल्या बाईमाणसांना, लेकरांना काय असते? युक्रेनमधल्या ल्विव शहराजवळ स्क्निलिव इथे २७ जुलै २००२ रोजी सुखोई-२७ विमान खालून कसरत करताना गर्दीत शिरले. दोन्ही वैमानिक खुर्च्यांनी बाहेर पडले आणि वाचले. खाली ७७ माणसे मेली. त्यांत दोन डझनांहून अधिक मुले होती. पुढे वैमानिकांना तुरुंगवास झाला आणि अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. त्याआधी १९८८ मध्ये जर्मनीतल्या रामस्टाइन इथे तीन विमाने एकमेकांवर आदळली, त्यांतले एक गर्दीवर पडले आणि ७० जण मेले. त्यानंतर अनेक देशांनी नियम कडक केले. विमानाने गर्दीच्या दिशेने झेपावू नये, लोकांच्या डोक्यावर कसरती करू नयेत आणि प्रेक्षकांनी ठरल्या अंतरावरच उभे राहावे.

म्हणून मैदानावर पोलीस दोरी बांधून ‘मागे व्हा’ म्हणतात, तेव्हा वाद घालू नये. ती दोरी हीच आपली खुर्ची. आणि धोका काही आकाशातूनच येतो असे नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक हवाई दलाच्या कसरती पाहायला जमले. विमाने सुखरूप उतरली, पण ऊन आणि गर्दी यांनी पाच जणांचा बळी घेतला. पोरांना घेऊन जाताना पाणी, टोपी आणि परत निघण्याची वाट, या तीन गोष्टींची तयारी घरूनच करावी.

हात ज्यांचे, ज्ञान त्यांचे

भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे देखभाल-दुरुस्तीच्या विभागाचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती होते. तिथे आणि देशभरच्या तळांवर हजारो हात रोज नट सोडतात, नट बसवतात, पिना तपासतात. आपल्याही समाजातली मुले आयटीआय करून अशा कामांना लागली आहेत. त्यांचे छायाचित्र कुठे छापून येत नसेल, पण आकाशातला प्रत्येक वैमानिक त्यांच्याच हातांवर विसंबून बसलेला असतो.

स्कॅम्प्टनच्या हकिकतीतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, पिन आहे एवढे पाहून थांबू नका. ती आपले काम करते आहे का, ते पाहा. दोन, कामाचे माप आणि त्यामागचे कारण दोन्ही मागून घ्या. ते विचारणे हा उद्धटपणा नाही, तो कामगाराचा हक्क आहे. तीन, आपल्याला धोका ठाऊक असेल तर तो सांगा. साहेबाला सांगा, शेजारच्या यंत्रावरच्या भावाला सांगा, पुढच्या पाळीवर येणाऱ्या बहिणीला सांगा. आपल्या खिशात ठेवलेले ज्ञान कुणाचाही जीव वाचवत नाही.

पुढच्या वेळी आकाशात सूर्यकिरण दिसली, की मुलांना नक्की वर बघायला सांगा. आणि ‘विमान पडलं तर काय होतं?’ असे पोराने विचारले, तर त्याला पूर्ण उत्तर द्या. खुर्ची वैमानिकाला वाचवते. पण त्या खुर्चीला आधी जमिनीवर कुणीतरी वाचवलेले असते.